तुमचा कोणता फुटबॉल?

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. सकाळची वेळ आहे, गवत अजून ओलं आहे, आणि एका मोठ्या मैदानात गोलाच्या खांबांकडे पाठ करून तुम्ही चालायला लागला आहात. पावलं मोजत चला. एक, दोन, तीन…

भिंगरी अशीच मोजत चालली होती, आणि एकोणिसाव्या पावलाला तिचा पाय पेनल्टीच्या पांढऱ्या ठिपक्यावर पडला.

ती थबकली. दर रविवारी, आबांनी मैदान आखलं की ती या ठिपक्यापर्यंत चालत जायची आणि तिथून एक चेंडू मारायची. पावलं वीस व्हायची. उन्हाळा असो, थंडी असो, वीस म्हणजे वीस. मग आज विसावं पाऊल गेलं कुठे?

पाय वाढले असतील, असं तिला आधी वाटलं. पण आठवडाभरात कुणाचे पाय एवढे वाढत नाहीत. तिने परत जाऊन पुन्हा मोजलं. एकोणीस.

हे मैदान बंदराच्या मागे होतं. देशोदेशीची जहाजं धक्क्याला लागायची, आणि समुद्रावर महिना-महिना काढलेले खलाशी पायांना जरा मोकळी जमीन मिळावी म्हणून इथे खेळायला यायचे. मैदान आखायचं काम भिंगरीच्या आजोबांचं, तिच्या आईच्या वडिलांचं. घरात ते आबा, बाहेर रेघमास्तर. रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची गाडी, चार-सहा खुंट्या, एक झाडू आणि एक सुती दोरी, एवढाच त्यांचा संसार मैदानाच्या कोपऱ्यातल्या खोलीत होता. एकतीस वर्षं त्यांनी रेघा मारल्या. आज शेवटचा सामना. उद्यापासून एक यंत्र येणार होतं, ते म्हणे आकाशाकडे बघून आपोआप रेघा मारतं.

"आकाशाकडे बघतं?" आबा म्हणाले होते. "मग खाली रेघेत येऊन बसलेल्या बेडकांचं काय?"

पण मला तुम्हाला सांगायचंय त्या दोरीबद्दल.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ऑफिसातून चिठ्ठी आली होती, 'फुटबॉल, रविवार, सकाळी दहा.' तरुण रेघमास्तरांनी जीव ओतून मैदान आखलं. दहा वाजता खलाशी आले, आणि त्यांच्या काखेत पपईसारखा लांबट चेंडू! ते मैदानाकडे बघायला लागले, रेघमास्तर पपईकडे. त्यांना वहीच्या पानासारख्या, पाच-पाच यार्डांवर आडव्या रेघा हव्या होत्या.

"चिठ्ठीत फुटबॉल लिहिलंय," रेघमास्तर म्हणाले.

"मग हा काय भोपळा आहे?" त्यांचा पुढारी खेकसला.

त्या दिवसापासून रेघमास्तरांनी नियम केला, आधी विचारायचं. जो कुणी 'फुटबॉल' म्हणेल त्याला म्हणायचं, "तुमचा कोणता?" माणसं चिडायची. फुटबॉल म्हणजे फुटबॉल, यात विचारायचं काय? पण रेघमास्तर शांतपणे दोरीचं टोक त्यांच्या हातात द्यायचे. मग त्या खलाशाने पावलं टाकून, हातवारे करून आपल्या खेळाचं मुख्य माप दाखवायचं आणि त्या जागी दोरीला आपल्या हाताने गाठ मारायची. खलाशीच ते, प्रत्येकाची गाठ वेगळी. कुणाची मुठीएवढी, कुणाची वेणीसारखी.

संध्याकाळी आबा दोरी मांडीवर घेऊन भिंगरीला त्या गाठी वाचून दाखवायचे. ही गाठ अंड्यासारखं लांबगोल मैदान लागणाऱ्यांची, त्यांना दोन्ही टोकांना चार-चार खांब हवेत. ही ज्यांचा चेंडू गोल, पण तो हातात धरून पळतात, आणि चार पावलं झाली की आपटतात किंवा पायावर उडवतात. आणि ही अगदी पहिली, गोलाच्या दोन खांबांमधल्या आठ यार्डांची, ती आबांनी स्वतः मारलेली.

"नावंसुद्धा किती गं! कुणी 'पाय' आणि 'चेंडू' हे आपापल्या भाषेतले शब्द जोडतात. एका भाषेत तर नुसतं 'लाथ' म्हणतात, झालं. आणि काही ठिकाणी आपल्या या फुटबॉलला दुसरंच नाव, कारण फुटबॉल हे नाव घरातल्या दुसऱ्या पोराला आधीच दिलेलं."

"मग आबा, खरा फुटबॉल कोणता?"

"तू 'आई' म्हणून हाक मारलीस की कोण येतं?"

"आई."

"आणि शेजारच्या पोरीने मारली की?"

"तिची आई."

"मग खरी आई कोणती?"

भिंगरी यावर दोन दिवस विचार करत होती.

तर अशी ती दोरी. आज सामन्यानंतर बंदराचे साहेब ती काचेच्या चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर लावणार होते. म्हणून भिंगरीने परवा दुपारी, आबा डुलकी काढत असताना, दोरी डब्यातून काढली. किती कळकट झाली होती! तिने बादलीभर कढत पाणी घेतलं, साबण घेतला, आणि एकेक गाठ ब्रशने घासली. उन्हात वाळवून पुन्हा गुंडाळून ठेवली. आबांनी डबा उघडला आणि पांढरीशुभ्र दोरी बघून त्यांचे डोळेच भरून आले. "अगं, ही तर नवरीसारखी नटली!" म्हणाले. शहाणा माणूस फसतो तो असा, कौतुकात.

ठिपक्यावर उभ्या असलेल्या भिंगरीला आता ती बादली आठवली. आणि पाठोपाठ आपला निळा स्वेटर आठवला. आईने तो एकदा चुकून कढत पाण्यात टाकला होता. तेव्हापासून तो बाहुलीला घट्ट बसतो.

ती धावत गोलापाशी गेली. आबांनी खांबाला टेकवून ठेवलेली दोरी उचलली, एक टोक एका खांबाला बांधलं आणि ताणत दुसऱ्या खांबाकडे गेली. पहिली गाठ खांबाला टेकायला हवी होती. ती दीड वीत अलीकडेच थांबली.

तिने वळून मैदानाकडे बघितलं. चार कोपऱ्यांच्या लोखंडी खुंट्या कायमच्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या रेघा बरोबर होत्या. पण आतलं सगळं, गोलापुढच्या चौकटी, ठिपके, मधलं वर्तुळ, या आकसलेल्या दोरीने आखलेलं.

सामन्याला दीड तास होता. पेनल्टीचा ठिपका हातभर अलीकडे आलाय हे कुणाला कळणार होतं? खेळाडूंना चेंडू दिसतो, रेघ कोण मोजतं? सांगितलं तर आबांचं शेवटचं मैदान चुकलं, आणि दोरीही गेली, तीही आपल्याच हाताने. नाही सांगितलं तर… भिंगरीने खोलीच्या दाराकडे बघितलं. आबा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते आणि शीळ घालत होते.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, एकोणीसच होतायत."

"काय एकोणीस?"

तिने सगळं सांगितलं. आबांचा ब्रश बुटावरच थांबला.

"कढत पाणी?"

"हो."

"साबण?"

"हो."

"खूप घासलीस?"

"खूप," भिंगरी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"तरीच एवढी स्वच्छ निघाली," आबा हळूच म्हणाले.

ते उठले, गोलापाशी गेले, दोरी स्वतः लावून बघितली. मग तिथेच गवतावर बसले. एका पायात पॉलिश केलेला बूट, दुसऱ्या पायात घरातली चप्पल.

"हातभराने काय बिघडतंय," ते शेवटी म्हणाले, पण भिंगरीकडे न बघता. "दोन्ही बाजूंना सारखंच आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना," भिंगरी म्हणाली.

आबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "जा, खोलीतून नव्या दोरीचा गुंडा आण. आणि झाडू. रडणं नंतर. रडायला काही वेळ ठरलेली नसते, सामन्याला असते."

"पण माप कुठून आणायचं?"

"हे खांबही धुतलेस की काय?" आबा म्हणाले. "दोघांच्या मधे आठ यार्ड आहेत, ते कुठे जात नाहीत. लाव नवी दोरी."

भिंगरीने एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी ताणली. आबांनी तिथे गाठ मारली.

"आता तेवढी दोरी दुमड. पुन्हा दुमड. किती झाली?"

"पाव गोल."

"म्हणजे दोन यार्ड. एवढ्यावर अख्खं मैदान उभं राहतं. ठिपका किती लांब? बारा यार्ड."

भिंगरीने बोटांवर मोजलं. "एक गोल… आणि अर्धा!"

"मोठी चौकट अठरा."

"दोन गोल आणि पाव!"

"मधल्या वर्तुळाला दहा."

"सव्वा गोल! आबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"दोरी होती ना. दोरी असली की डोकं झोपतं."

ती झाडूने चुकीच्या रेघा पुसत गेली, आबा मागून फक्कीची गाडी ढकलत आले. दोन्ही बाजू झाल्या. वर्तुळ राहिलं होतं तेव्हाच खेळाडू येऊन उभे राहिले. पाठोपाठ साहेब, इस्त्रीच्या कपड्यात, हातात भाषणाचा कागद.

"काय मास्तर! एकतीस वर्षांत कधी नाही, आणि आजच उशीर?"

भिंगरीने तोंड उघडलं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रेघ चुकली होती साहेब माझी. नीट करतोय."

सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. मध्यंतरात साहेबांनी भाषण वाचलं. भिंगरी त्यांच्या कोपराशीच उभी होती, त्यामुळे तिला कागद दिसत होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'एकतीस वर्षांत त्यांची एकही रेघ चुकली नाही.' साहेब त्या ओळीपाशी जरा अडखळले, घसा साफ केला, आणि चौथ्या ओळीवर गेले. टाळ्या वाजल्या. आबांनीही वाजवल्या.

"आणि ती दोरी, मास्तर?" साहेबांनी विचारलं. "भिंतीवर लावायची."

"ती आता माप सांगत नाही साहेब. भिंतीवर नको."

दुपारी सगळे पांगले. आबा पायरीवर बसून जुन्या दोरीवरच्या गाठी बोटांनी चाचपत होते.

"सगळ्या बिघडल्या का आबा?"

"गाठी शाबूत आहेत. कुणाकुणाला भेटलो ते त्या सांगतात. त्यांचं मैदान केवढं, ते मात्र पुन्हा विचारावं लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "पण आता विचारणार कोण? यंत्र?"

नवी दोरी भिंगरीच्या खांद्यावर होती. तिच्यावर एकच गाठ होती, खांबापाशी सकाळी मारलेली.

तेवढ्यात फाटकाशी तीन अनोळखी खलाशी येऊन उभे राहिले. सकाळी धक्क्याला लागलेल्या जहाजावरचे असावेत. एकाच्या शर्टाखाली काहीतरी फुगलेलं होतं, गोल की लांबट ते दिसत नव्हतं. रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवून त्याने हसत एकच शब्द उच्चारला.

"फुटबॉल?"

आबा उठायला लागले. पण भिंगरी त्यांच्या आधी फाटकाशी पोचली होती. तिने खांद्यावरची दोरी उतरवली, तिचं मोकळं टोक त्या माणसाच्या हातात दिलं आणि विचारलं,

"तुमचा कोणता?"