बदकमावशीची चाल

स्टुडिओ विकला जाणार हे पक्कं झालं, त्या दिवशी आमच्या मालकांनी दीडशे माणसांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "त्यांना आपण नकोय रे, त्यांना बदकमावशी हवीय!" सगळे हसले. मीही हसलो. हसायला माझं काय जात होतं!

बदकमावशी म्हणजे आमच्या पहिल्या ॲनिमेशन चित्रपटातली खानावळवाली बदकीण. दोन्ही हातांत ताटं, डावा पाय फरफटत, कंबर एका बाजूला हिसडत ती नुसती पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, तरी पोरं हसून गडबडा लोळायची. खरेदी करणाऱ्या बड्या करमणूक कंपनीला तिच्या बाहुल्या काढायच्या होत्या, दप्तरं काढायची होती, चित्रपटाचा दुसरा भाग काढायचा होता. आणि तिची चाल मी केली होती. 'केली' म्हणतो, कारण सहा वर्षं तोंडाला तीच सवय लागलीय.

ती चाल माझ्या ताईची. तरुणपणी पडली, खुब्याचं हाड नीट बसलं नाही, तेव्हापासून ती तशी चालते. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून मला तिनेच वाढवलं. बदकाची चाल काही केल्या जमेना, तेव्हा मी तिच्याकडे गेलो. नवा मोबाइल घेतलाय, कॅमेरा बघतोय, असं खोटंच सांगितलं आणि ती इस्त्रीचे कपडे घेऊन खोलीतून जाताना तिचं चार वेळा शूटिंग केलं. चार वेळा! पुन्हा जा म्हटलं की बिचारी पुन्हा जायची.

सौद्याआधी कंपनीची वकीलबाई आली. बोलायला हळू, पण एकेक फाइल उघडून बघणारी. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं. तिच्या कॉम्प्युटरवर ताई थांबवलेली होती. हातात कपडे, पाय अर्धवट उचललेला.

"या कोण?"

"आहेत... ओळखीच्या एक बाई."

माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

"हे कशासाठी घेतलं ते त्यांना माहीत आहे, अशा कागदावर त्यांची सही लागेल. सहीशिवाय हे पात्र आम्हाला घेता येणार नाही."

पात्र नाही तर सौदा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मालक दाराशीच उभे होते. "सोमवारपर्यंत आण रे बाबा," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी गेलो. कागद असा दुमडला होता की फक्त सहीची रेघ वर राहावी. खरं काय ते सांगून टाकायचं, असं वाटेत दहादा ठरवलं. तिला बघितलं आणि सगळं अवसान गळालं. ती मशीनपाशी बसली होती, तोंडात टाचण्या.

"ताई, एक सही हवी होती. ऑफिसचं आहे, सगळ्यांच्या घरच्यांची घेताहेत."

"आण."

टाचण्या काढून ठेवल्या आणि सही केली. वाचलंसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला. इतका हलकट माणूस मी, मला आधी बरंच वाटलं.

मग पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "बदकमावशीचा ना हा?"



"तुला... कधी कळलं?"

"कधी म्हणजे? पहिल्या खेळाला नेलं होतंस की, शेजारी बसवून. आपली चाल आपल्याला ओळखू येत नाही होय?" ती सुईत दोरा ओवायला लागली. "लोक हसले त्याचं काही नाही रे. त्यांना काय माहीत! पण तू मान वळवून वळवून बघत होतास, कोण कोण हसतंय ते. माझ्याकडे तेवढं बघितलं नाहीस."

"चुकलं माझं, ताई. फाडून टाकतो हा कागद."

"फाड की," ती म्हणाली आणि थांबली.

मी कागदाकडे बघत राहिलो. दीडशे माणसांचे संसार डोळ्यांपुढे आले, असं सांगायला बरं आहे. खरं तर सौद्यानंतर मला मिळणाऱ्या केबिनच्या दारावर लागणारी माझ्या नावाची पाटी आली. कागद मी खिशात घातला.

"असू दे," ती म्हणाली. "जा आता."

"दारापर्यंत तरी ये." हे का म्हणालो, देव जाणे.

"नको. त्या दिवसापासून तुझ्यासमोर मी उठत नाही. तू येणार असलास की दार उघडं टाकूनच बसते. सहा वर्षं झाली, तुझ्या लक्षात नाही आलं?"

नाही आलं. माणसं कशी चालतात हे बघायचा मला पगार मिळतो, आणि सहा वर्षं या घरात मी माझ्या बहिणीला चालताना बघितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि तिथेच उभा राहिलो. मी गेलो असं तिला वाटलं असावं. खुर्ची सरकली. कडी लावायला ती येऊ लागली. एक पाऊल, मग फरफट, पुन्हा पाऊल. दुसऱ्या भागात मावशी म्हातारी दाखवायची आहे, चाल आणखी जड हवी आहे, आणि ताईची तशी झालीच होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शपथ घेऊन सांगतो. आणि तरी मी दाराला कान लावून मोजत होतो, एका पावलाला किती वेळ लागतो ते.