जैतूनबीचं वय

गंधालीच्या कादंबरीतली जैतूनबी बासष्ट वर्षांची होती आणि पुण्याच्या शरयूताईंना ती अठराची हवी होती. भांडण एवढंच.

आता गंधाली कोण, तर जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडून किती उगवले ते बघणारी बाई. घर तिथल्याच मस्तगड भागात. नवरा वरद, स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर. सहा वर्षं ती पहाटे उठून, डबे करायच्या आधी, एक अद्भुत कादंबरी लिहीत होती. त्यात एका राजानं सगळ्या मुलखाच्या सावल्या काढून घेतल्यात आणि आपल्या गडावर कोंडून ठेवल्यात. झाडाखाली ऊन, छपराखाली ऊन, लोक झोपेवाचून वेडे व्हायची पाळी आलीय. त्या सावल्या सोडवायला निघते ती जैतूनबी, गोधड्या शिवणारी म्हातारी. सावलीचं मोल जालन्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नऊ प्रकाशकांनी आधीच नाही म्हटलं होतं. शरयूताई दहाव्या, आणि त्या मात्र फोनवर फार गोड बोलल्या.

"कल्पना भन्नाट आहे गं. पण असलं वाचतात कोण, तर तरुण मुलं. तुझ्या जैतूनला अठराची कर. सोमवारपर्यंत कळव, दिवाळीआधी पुस्तक हातात देते."

वरद खूश झाला. "मंग कर की. वयच बदलायचंय, कादंबरी थोडीच बदलायचीय?"

खरं सांगायचं तर गंधालीलाही तसंच वाटलं. पुस्तक निघायला हवं होतं तिला, फार हवं होतं. लॅबमधल्या मोनालीपासून नणंदेपर्यंत जो तो विचारून राह्यला होता, काय झालं तुझ्या त्या भुताखेताच्या पुस्तकाचं म्हणून. तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिनं शहाण्या माणसांसारखा शॉर्टकट मारला. फाईलची एक प्रत काढली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं 'म्हातारी' आहे तिथं 'मुलगी' घाल आणि 'बासष्ट'च्या जागी 'अठरा'. तीनशे चाळीस जागा निघाल्या. चहा उकळेपर्यंत काम फत्ते. सहा वर्षांची मेहनत आणि दोन मिनिटांत दुरुस्ती, वा रे लेखिका!

रविवारी दुपारी लालबी आली. दोन घरं सोडून राहणारी ही पिकल्या केसांची बाई, गावभरच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून देणारी. पहिल्या पानापासून गंधाली वाचायची आणि लालबी शिवता शिवता ऐकायची, असा दोघींचा शिरस्ता. लालबीला वाचता येत नव्हतं, पण ऐकण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

गंधाली वाचू लागली. "अठरा वर्षांची ती मुलगी गुडघ्यावर हात ठेवून 'या अल्ला' करत उठली. मुलगी उरलेल्या चार दातांनी दोरा तोडू लागली."

लालबीची सुई थांबली. "कोन हाय ही पोरगी? बीमार हाय का?"

गंधालीला हसू फुटलं. तिनं शरयूताईंची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "राहून गेलं खाला. गुडघे काढून टाकते."

मग तोंडानंच दुरुस्त करत ती पुढं वाचत गेली, ती पार गडाच्या पायथ्यापर्यंत. गडाला नऊशे पायऱ्या. जैतूनबीला त्या चढवत नाहीत, म्हणून ती पायथ्याशी पथारी टाकते आणि गोधडी शिवत बसते. येणारे-जाणारे शिपाई तिच्यापाशी टेकतात, आपापल्या आयांच्या आठवणी काढतात आणि एकेक जण परत वर जायचा विसरतो. शेवटी गड ओस पडतो आणि खाली आहे तरी कोण, हे बघायला राजाला स्वतः उतरावं लागतं. सगळी कादंबरी ती एवढ्यावर उभी.

"अठराची हाय ना?" लालबी म्हणाली. "मंग बसून काय राह्यली? नऊशे पायऱ्या तर ती पळत चढंल."

"हां. चढेल."

"वर जाईल, कुलूप तोडंल, सावल्या सुटतील. किस्सा खतम."

गंधालीनं पानाचा आकडा बघितला. खरंच होतं. चाळिसाव्या पानावर पुस्तक संपत होतं.

लालबीनं सुईत दोरा ओवला. "आनि बुढ्ढी कुठं गेली? मारून टाकलं का तिला?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. "सहा साल ऐकून राह्यले मी. मला वाटलं, चला, आमच्यासारखीबी कुणी राजाला खाली उतरवती."

गंधालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं शरयूताईंना फोन लावला. "ताई, जैतूनबी म्हातारीच राहील."

"अगं, हट्ट करू नकोस. म्हातारं व्हायचं स्वप्न बघतं का कुणी?"

"बघत नाही. पण व्हायचं तर सगळ्यांनाच आहे ना ताई? तुम्हाला, मला, त्या तुमच्या तरुण वाचकांना. मग तिथं गेल्यावर त्यांनी करायचं काय?"

 मग शरयूताई म्हणाल्या, "मला नाही जमायचं हे. बघ तू दुसरीकडे." फोन ठेवला गेला. दहावा नकार, तोही आपल्या हातानं ओढवून घेतलेला.

तिला रडू आलं आणि रागही आला, पण राग जास्त होता. त्याच रागात घरी येऊन तिनं जुनी फाईल उघडली. आता बिलकुल कुणाचं ऐकायचं नाही म्हणत ती शेवटच्या प्रकरणापर्यंत आली. तिथं सुटलेल्या सावल्या जैतूनबीला बक्षीस देत होत्या. सुरकुत्या जात होत्या, केस काळे होत होते, अठराची होऊन ती नाचत गावात शिरत होती. शरयूताईंनी वेगळं काय मागितलं होतं? गंधालीनं ते आधीच करून ठेवलं होतं, फक्त शेवटच्या नऊ पानांत.

तिनं नऊच्या नऊ पानं निवडली.

वरद मागून बघत होता. "अगं, काय करून राह्यली? सगळ्यात भारी तेच तर लिहिलंय तू."

"भारी आहे. पण तिनं तरुण व्हायला कधी मागितलं होतं, एक ओळ दाखवा मला."

वरदनं बराच वेळ आठवून पाहिलं. त्याला एकही ओळ सापडली नाही.

"म्हातारपणाची भीती मला वाटत होती," गंधाली म्हणाली. "तिला नाही."

तिनं नऊ पानं पुसून टाकली. मग पहिल्या पानावर गेली, 'बासष्ट' खोडलं आणि तिथं 'सत्तर' लिहिलं.