चार वाट्या, एक शेंगदाणा

मनुष्याचा मेंदू ही साठ लाख वर्षांच्या उत्क्रांतीची सर्वोच्च कमाई आहे. हे वाक्य मी नांदेडच्या एका महाविद्यालयात बावीस वर्षं प्राणिशास्त्राच्या तासाला म्हणत आलो आहे. पटावर चाळीस नावं आहेत. ही कमाई घेऊन प्रत्यक्ष वर्गात येणारे अकरा, आणि त्यातले चार जण ती बाकावर टेकवून झोपतात.

गेल्या वर्षी बढतीसाठी मला एक शोधनिबंध कमी पडत होता. विषय मी परदेशातून उचलला, सगळेच उचलतात. तिकडच्या लोकांनी चिंपांझींचे आणि माणसांचे मेंदू यंत्रात पाहून शेजारी शेजारी मांडले होते. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या कपाळामागचा जो भाग उत्क्रांतीत सगळ्यांत जास्त फुगला, तोच म्हातारपणी आधी आकसायला लागतो. चिंपांझीचा तेवढा आकसत नाही, कारण मुळात तेवढा फुगलाच नव्हता. सरकारी खात्यात शेवटी भरलेला कंत्राटी कारकून आधी घरी जातो, तसं काहीसं.

माझ्याकडे यंत्र नव्हतं. चिंपांझीही नव्हता. मराठवाड्यात लाल तोंडाची माकडं आहेत आणि म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यावर भागवायचं ठरलं.

परीक्षा साधी होती. चार स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवायच्या. समोरच्याच्या देखत एकीखाली शेंगदाणा सरकवायचा, मध्ये पुठ्ठा धरायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुठ्ठा काढायचा. समोरच्यानं बरोबर वाटी उचलायची. अशा दहा फेऱ्या. अर्धा मिनिट एखादी गोष्ट धरून ठेवणं हे कपाळामागच्या भागाचं काम. कुठल्या फेरीला कुठली वाटी, हे सगळ्यांना सारखंच असावं म्हणून मी एक तक्ता केला होता. तीन, एक, चार, चार, दोन, असा.

माकडांसाठी इस्लापूरला गेलो, सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी. सोबत आमच्या प्रयोगशाळेतले पाशामियाँ होते. बेडूक धरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे माकड ही त्यांना पदोन्नतीच वाटली. त्यांनी टोळीतली एक माकडीण हेरली.

"ही सगळ्यांत बुजुर्ग, सर. खालचे दात बघा की, गायब हायत."

"वय काय असेल?"

"वीस-बावीस. म्हंजे आपल्यात सत्तरीच्या वर. आपण तिला खाला म्हणू, मावशी. वयाचा लिहाज पाहिजे."

खालानं दोन दिवस वाट्या नुसत्या उलथून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी तिला खेळ कळला. दहापैकी सहा. दोनदा तिनं पुठ्ठाच ओढून नेला, ते मी चुकीत धरलं.

"खालाला एक मार्क ग्रेस द्या, सर," पाशामियाँ म्हणाले. "सातव्या टायमाला पुठ्ठा मीच उशिरा काढला."

"पाशामियाँ, हे विज्ञान आहे," मी म्हणालो.

माणसांसाठी लातूर ठरवलं, कारण तिथं आई राहते. पंचशीलाबाई, वय शहात्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. वडील गेल्यापासून एकटी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या किल्लीनं. धाकटी बहीण प्रियदर्शनी औशाला तहसिलात आहे. ती दर रविवारी आईकडे येते. तिचे मला फोन सुरू झाले होते.

"दादा, आई एकच गोष्ट तीनदा सांगून राहिली. परवा मला मावशीच्या नावानं हाक मारली. नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"मी परीक्षा घेतोच आहे," मी म्हणालो. "बघू काय येतं. उगीच घाबरवू नको तिला."

"तू त्यातला माणूस आहेस. तू म्हणशील तसं."

मी बेडकांतला माणूस आहे. पण बहिणीच्या तोंडून असं ऐकलं की दुरुस्त करावंसं वाटत नाही.

आईच्या वसाहतीत ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे. रोज संध्याकाळी विहाराच्या अंगणात जमतात. परीक्षेच्या आठ दिवस आधी मी जाऊन जयभीम घातला, संमतीपत्रांचा गठ्ठा आईकडे ठेवला आणि नांदेडला परतलो. गठ्ठ्याच्या तळाशी वाट्यांचा तक्ताही टाचलेला राहिला होता, हे मला परीक्षेच्या दिवशीच कळलं.

पहिले बसले भुजंगराव, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. दहापैकी दहा. मी खूश झालो. दुसरे दहा. तिसऱ्या बाई दहा. चौथ्या आजोबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यांनाही दहा. मग शंका आली म्हणून भुजंगरावांना पुन्हा बसवलं. मी शेंगदाणा शोधत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "तीन नंबर."

"अजून ठेवलाच नाही, भुजंगराव."

"ठेवा, ठेवा. तीनच हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बाईंनी हप्ताभर क्लास घेतला की. रोज संध्याकाळी, पाढ्यावानी म्हणून घेतलं. लातुरात परीक्षा म्हटल्यावर कुणी तसंच बसतंय होय?"

आजूबाजूला अठरा म्हातारी माणसं ओठ हलवत होती. तीन-एक-चार-चार-दोन. मी बाहेरगावी राहून हे विसरलो होतो. या शहरात लोक लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागतात. इथल्या माणसाला न शिकवता, तयारी न करता काही विचारणं हा त्याचा अपमान असतो.

तेव्हाच सामान आवरून निघायला हवं होतं. पण अजून आई राहिली होती, आणि सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. ती पुढे आली, मांडी घालून बसली. डावा हात तिनं पदराखाली ठेवला.

पहिली वाटी बरोबर उचलली. दुसरीच्या आधी पदर हलला. तिसरीच्या आधी पुन्हा हलला. चौथीला तिनं हात जरा जास्तच बाहेर काढला आणि तळव्यावरची निळी शाई मला दिसली. दहा आकडे, एकाखाली एक, मुख्याध्यापिकेच्या अक्षरात. बाकीच्यांना पाठ झालं होतं. शिकवणारीला झालं नव्हतं.

हीच बाई दहावीच्या केंद्रावर पर्यवेक्षक असायची. तिनं सरपंचाच्या पोराच्या मोज्यातून चिठ्ठी काढली होती, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात.

तिनं वर बघितलं. मी शाई बघितली हे तिनं बघितलं. अर्धा मिनिट आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, पुठ्ठा तसाच हातात. मग मी पुठ्ठा काढला, तिनं चार नंबरची वाटी उचलली, आणि मी तक्त्यात बरोबरची खूण केली. शेवटी दहापैकी दहा लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी प्रियदर्शनीचा फोन आला. "आईचं काय आलं?"

"दहापैकी दहा."

"खरंच?"

"माकडाला सहा होते."

ती बराच वेळ हसली. तिचं हसणं मोकळं होतं, महिनाभराचं ओझं उतरल्यासारखं. "मग मीच वेडी. डॉक्टरचं राहू दे," म्हणाली.

मी राहू दिलं.

निबंध छापून आला. मराठवाड्यातल्या ज्येष्ठांचा कपाळामागचा भाग जगाच्या मानानं असाधारण टिकाऊ असल्याचं त्यात दिसून आलं, आणि याबाबत अधिक संशोधनाची गरज असल्याचंही. बढती झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पाशामियाँनी पेढा घेतला आणि विचारलं, "खालाचे सहाच ठेवले का, सर?"

"सहाच."

"इमानदार बाई," ते म्हणाले.

परीक्षेनंतरचे सहा महिने आई रोज फोन करायची. शेजारच्या शिवगंगाबाईंच्या सुनेला मुलगी झाल्याची बातमी तिनं मला एका फोनमध्ये तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी नव्यानं ऐकल्यासारखं "हो का, अरे वा" म्हणालो. बायकोला वाटलं, काय प्रेमळ मुलगा आहे. ते प्रेम नव्हतं. मी पुरावा दडवत होतो.

दर वेळी ठरवायचो की या रविवारी प्रियदर्शनीला सांगू. मग रविवार यायचा, आणि मी पेपर तपासायला घ्यायचो.

फेब्रुवारीत आई औशाला लेकीकडे जायला निघाली आणि मुरुडच्या गाडीत बसली. औसा एका दिशेला, मुरुड दुसऱ्या. मुरुडच्या स्टँडवर ती चार तास बाकावर बसून होती. कुठं जायचं, विचारलं तर म्हणायची, "शाळेत." कंडक्टरनं पिशवीतल्या वहीतून नंबर काढला. प्रियदर्शनी औशाहून आधी पोहोचली, मी नांदेडहून तीन तासांनी. आई तोवर पूर्ववत होऊन चहा पीत होती, आणि चहात साखर कमी असल्याबद्दल हॉटेलवाल्याला शिकवत होती.

प्रियदर्शनी मला बाजूला घेऊन गेली. "सहा महिन्यांत एवढं कसं काय घसरलं, दादा? दहापैकी दहा होते ना?"

मी सांगितलं. तक्ता, क्लास, तळवा, शाई, सही. उभ्या उभ्या, एसटीच्या वेळापत्रकाखाली.

तिनं आधी लांबून आईकडे बघितलं. मग म्हणाली, "माकडाचे सहा तरी खरे होते का?"

"ते खरे. माकडाकडे पेन नव्हता."

"हसू नको."

"हसत नाही."

"आई पडली असती, गाडीखाली आली असती, तर तू निबंधाची पुढची आवृत्ती काढली असतीस का? तू म्हणशील तसं, म्हणाले होते मी. घरच्यांचा विश्वास असा खाणारे मी तहसिलात रोज बघते. तू त्यातला असशील असं वाटलं नव्हतं."

वेळापत्रकातली बार्शीची गाडी रद्द झालेली होती, ते मी वाचत राहिलो.

परतताना प्रियदर्शनीच्या गाडीत आई मागे माझ्याशेजारी बसली. प्रियदर्शनी चालवत होती. लातूर जवळ आल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "तू बघितलंस, ते मला माहीत होतं."

"मग?"

"वाटलं, तू बोलशील. मी पोरांना धरायचे तेव्हा बोलायचे."

"तू का केलंस पण?"

"नापास झाले असते तर तू मला नांदेडला नेलं असतंस. घराला कुलूप." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "आणि रिझल्ट माझा थोडाच होता, आनंदा. तुझा होता."

मुलाच्या निकालाची काळजी तिला होती. आईच्या निकालाची काळजी मी किती केली, याचा हिशेब करायचा वेळ मी पाण्याची बाटली शोधण्यात घालवला.

दुसऱ्या आठवड्यात नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर रांगेत दोन तास बसून मी मनात भाषण तयार केलं: कपाळामागचा भाग, उत्क्रांती, चिंपांझी. आत गेल्यावर यातलं बरंचसं डॉक्टरांना ऐकवलंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी आईच्या पायाला मुंग्या येतात का, विचारलं. येत होत्या, वर्षभर. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

एमआरआय झाला, रक्त दिलं. चार दिवसांनी तिघं पुन्हा गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली.

"मेंदू वयाच्या मानानं छान आहे. पुढचा भाग तर एकदम ठीक." मग फिल्म बाजूला ठेवून रक्ताचा कागद घेतला. "विसरायला कधीपासून लागल्या?"

"वर्ष होत आलं," प्रियदर्शनी म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"सहा महिने आधी आणायचं होतं. आता जेवढं भरून येईल तेवढं. पायांचं सांगता येत नाही."

आईनं विचारलं, "मला माझ्या घरी राहता येईल ना?"

"महिनाभर मुलीकडे राहा, मग बघू," ते म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

रिपोर्टात बी-बारा जीवनसत्त्व एकशे दहा होतं. दोनशेच्या वर पाहिजे; ते कमी पडलं की माणूस विसरायला लागतो, पायाला मुंग्या येतात. त्याचं इंजेक्शन कुठल्याही मेडिकलवर मिळतं.