सपाट रेघ

धाकट्या जावेनं घरी बनवलेल्या क्रीमच्या डबीवर ‘क जीवनसत्त्वयुक्त’ असं छापून घेतलं, तेव्हाच मोठीच्या कपाळाला आठी पडली. मोठी प्रयोगशाळेत क्रीमच तपासायची. जाहिरातीत मिरवलेला घटक डबीत खरोखर आहे की नुसत्याच बाता, हे ठरवणं तिचं काम. भल्याभल्या कंपन्या तिच्या अहवालाला टरकून असत.

धाकटीनं हौसेनं एक डबी आणून दिली. "ताई, तपासून सांगाल?" मोठीनं बोट बुडवून पाहिलं, डबी तशीच उघडी खिडकीत ठेवली आणि विसरून गेली. आठवण झाली तोवर क्रीम पिवळं पडलं होतं. हलका माल, दुसरं काय, असं पुटपुटत तिनं ती कामावर नेली. क जीवनसत्त्व असतं तर यंत्राच्या पडद्यावर जिथे सुळका उठायला हवा होता, तिथे रेघ सपाट.

सासूबाईंच्या वाढदिवसाला शेजारणी जमल्या. एकीनं क्रीमचं कौतुक केलं आणि मोठीला राहवलं नाही. "त्यात क जीवनसत्त्व नावालाही नाही. मी स्वतः तपासलंय!"

बायका हसल्या. धाकटी ट्रे घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं सगळं क्रीम फेकून दिलं.

पुढे एक कारखानदार पारदर्शक बाटलीत नमुना घेऊन आला. मोठी त्याच्यावर डाफरली, "उन्हात ठेवलीत ना? उजेड नि हवा लागल्यावर क जीवनसत्त्व उरेल कसं? एवढंही तुम्हाला..." आणि तिला खिडकीत उघडी ठेवलेली धाकटीची डबी आठवली.

सासूबाईंच्या कपाटात एक न फोडलेली डबी होती. ती तिनं तपासली. सुळका उठला, चांगला उंच. धरणीनं पोटात घ्यावं असं मोठीला झालं.

संध्याकाळी ती धाकटीच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. "तुझं क्रीम चांगलं होतं गं. मीच ते खिडकीत नासवलं."

धाकटी भांडी पुसत राहिली. "मला वाटलं, माझंच प्रमाण चुकलं. तुम्ही म्हणालात म्हणून मी पुन्हा मोजूनसुद्धा पाहिलं नाही."

"मी सगळ्यांना सांगते. चल."

"तुम्ही सांगा. मला नका नेऊ, ताई. पुन्हा त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही मला."

मोठी एकटीच निघाली. पहिल्याच दारात शेजारीण हसली. "अहो, आता कोणाच्या लक्षात आहे ते!"

"धाकटीच्या आहे," मोठी मान खाली घालून म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागली.