पिशवीतला हुकमी खेळाडू

"पडला! अरे, पडला!" असा गलका झाला आणि अख्खं मैदान हळहळलं. मी टाचा उंचावून पाहिलं. मैदानात चेंडू नव्हता, पंच नव्हते, समोर दुसरा संघही नव्हता. पडला होता तो फक्त आमच्या गोलकीपरचा हात.

मधोमध एक गालिचा अंथरला होता आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये ऊर्जागुरू उभे होते. गळ्यात सोनेरी शिट्टी. ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती, पण शिट्टी असली की माणूस खेळातला वाटतो. खेळाडूंनी एकेक करून पुढे यायचं, डाव्या हाताने आपले बूट छातीशी धरायचे, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणायचा आणि गुरूंनी त्यावर दोन बोटं टेकवून खाली दाबायचं. हात टिकला, तर पायांत मोसमभर पुरेल एवढी ऊर्जा आहे. हात पडला, तर हा खेळाडू यंदा मोडणार. झाली संघनिवड!

"माणूस खोटं बोलतो, डॉक्टर खोटं बोलतात, बूट बोलत नाहीत," गुरू माईकवरून समजावत होते. "पायाची सगळी कंपनं बुटात साठतात. या ऊर्जेला कापड अडवत नाही, काच अडवत नाही, दगड अडवत नाही. आणि लक्षात घ्या, मी दाबत नाही. मी फक्त ऐकतो!"

बोटांनी ऐकणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. शेजारी उभ्या असलेल्या आकडेमामांनी मात्र भारावून मान डोलावली. आकडेमामा म्हणजे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. कुठल्या खेळाडूने कुठल्या पायाने किती गोल मारले, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ.

ज्याचा हात पडला तो गोलकीपर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चेंडू हाताला चिकटून बसतो म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणतात. गेल्या मोसमात त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझी बायको फिजिओथेरपिस्ट. तिने वर्षभर त्याला पिळून काढलं, भाऊ म्हणून एका दिवसाची सूट दिली नाही. सर्जनने तपासून खेळायची परवानगी दिली होती. गोलकीपरला जे शेवटचं एखादं संधीचं वर्ष मिळतं, ते डिंक्याचं हेच होतं. रविवारी संध्याकाळी संघाची नोंदणी बंद होणार होती. त्यात नाव नसलं, तर हातमोजे कायमचे खुंटीला.

"डावा पाय," गुरू डोळे मिटून म्हणाले. "इथून ऊर्जा गळतेय."

"अहो, ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं झालंय!" मी न राहवून ओरडलो.

"तेच तर!" गुरूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "उजवा शिवला, म्हणून डाव्याला गळती लागली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांपुढे बोलायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घ्यायचं.

माझं चष्म्याचं दुकान मैदानाच्या फाटकासमोर आहे. मोसमाआधीच्या दिवसांत तिथे चष्मे कमी विकले जातात आणि वाद जास्त रंगतात. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, नवा स्ट्रायकर गुणी आहे की नुसताच केस वळवतो, यावर रोज रणधुमाळी. आणि हे लोक माझ्याच फ्रेमा काउंटरवर मांडून संघ लावतात. सोनेरी काडीची फ्रेम म्हणजे स्ट्रायकर, जाड काळी फ्रेम म्हणजे डिंक्या. फ्रेमांवर ओरखडे पडतात, मी बोंबलतो, कुणी ऐकत नाही. पण त्या शनिवारी संध्याकाळी काउंटर मोकळाच राहिला.

"आता वाद कसला घालायचा?" बेकरीवाला म्हणाला. एरवी सगळ्यात मोठा आवाज त्याचा. "गुरूंनी हात दाबला, विषय संपला. डिंक्या चांगला होता हो, पण गळतीला कोण काय करणार?"

"गुरूंचे दहापैकी नऊ अंदाज बरोबर येतात," आकडेमामांनी पुस्ती जोडली.

"हे दहा कुणी निवडले?" मी विचारलं.

"त्यांच्याच पत्रकात आहेत ना!"

ज्या माणसाने जन्मभर पोरांना पुरावा मागायला शिकवलं, तो पत्रकावर विश्वास ठेवून चहा पीत होता. मला हसावं की रडावं कळेना.

घरी आलो तर त्याहून वाईट दृश्य. डिंक्या सोफ्यापासून टेबलापर्यंत लंगडत गेला. डाव्या पायाने. ज्या पायाला आयुष्यात कधी खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, त्या पायाने!

"काय रे, काय झालं पायाला?" बायकोने विचारलं.

"ताई, खरंच जड वाटतोय गं. सकाळी सरावात दोन साधे चेंडू सुटले हातातून. आणि हात पडला तो मी पाडला नाही. जीव खाऊन धरला होता, तरी पडला. मला जाणवलं ते."

हे ऐकून मला गुरूंचा जेवढा संताप आला, तेवढा त्या टाळ्यांच्या वेळीही आला नव्हता. वर्षभर घाम गाळून उभा केलेला माणूस दोन बोटांनी बसवला होता.

बायको मात्र ओरडली नाही. तिने मला विचारलं, "त्या गुरूने हात कुठे दाबला?"

"हातावर."

"अहो, हातावर कुठे? मनगटावर, कोपराजवळ, कुठे?"

मला सांगता येईना. दुसऱ्यांच्या नजरा तपासून पोट भरणारा मी, पण मी पूर्ण वेळ गुरूंच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. डिंक्यालाही आठवेना. त्याने तर डोळेच मिटले होते, गुरूंनी तसं सांगितलं होतं.

"उद्या मी येते," ती म्हणाली. "आणि तुमच्या दुकानाच्या दोन कापडी पिशव्या द्या मला." पिशव्यांत काय भरलं, ते तिने मलाही पाहू दिलं नाही.

रविवारी गर्दी दुप्पट. क्लबचे अध्यक्ष पुढच्या खुर्चीत, त्यांच्या मागे प्रशिक्षक. प्रशिक्षक माणूस भला, पण अध्यक्ष खाकरले तरी होकार समजणारा. उरलेल्या खेळाडूंचे हात दाबून होईपर्यंत बायको एका कडेला उभी होती आणि गुरूंच्या बोटांवरून तिची नजर हलली नाही. मग तिने हात वर केला.

"गुरुजी, दोन पिशव्या आणल्यात. तोंडं बांधलेली आहेत. ऊर्जेला कापड अडवत नाही असं आपण म्हणालात. न उघडता सांगाल का, आतला खेळाडू कसा आहे?"

गुरू क्षणभर घुटमळले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी आभाळाकडे. पण माईकवरून केलेली बढाई आता गिळायची कशी?

"आणा," ते म्हणाले.

हात ताणायला बेकरीवाला स्वतःहून पुढे आला. रोज कणकेशी कुस्ती खेळणारा गडी, दंड कसे भरलेले. पहिली पिशवी त्याने छातीशी धरली. गुरूंनी दाबलं. हात ढिम्म हलला नाही.

"आहाहा!" गुरू थरथरले. "आग आहे यात, आग! हा यंदाचा हुकमी खेळाडू. याच्याशिवाय संघ म्हणजे नुसता सांगाडा!"

बायकोने गाठ सोडली. आत डिंक्याचे बूट होते. तेच, शनिवारी गळणारे.

एकच जल्लोष झाला. मीही शिट्टी मारली. "बघा, गुरूंनीच पास केला!" कुणीतरी ओरडलं. डिंक्याचा चेहरा उजळला.

"थांबा!" बायको एवढ्या जोरात म्हणाली की मी शिट्टीची बोटं खाली घेतली. "हा आपल्या बाजूने लागलेला मटका आहे. याच्यावर माझ्या भावाला संघात घेणार असाल तर मलाच तो नको आहे. दुसरी पिशवी बघा."

बेकरीवाल्याने दुसरी पिशवी उराशी धरली. गुरूंनी आता सावध होऊन बराच वेळ डोळे मिटले. हुकमी खेळाडू एकदा सांगून झाला होता, म्हणजे आता मोडका हवा. त्यांनी दाबलं. बेकरीवाल्याचा तो दणकट हात खाली आला.

"अरेरे. गुणी मुलगा, पण डावा पाय कच्चा. मोसमाच्या मध्यावर जायबंदी होणार. घरच्यांनी त्याला जपावं."

गाठ सुटली. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी बाहेर निघालं. बायकोने कागद सोडला. आत ब्रेड होते. दोन, लांबोडके, कालचे.

बेकरीवाला वाकून पाहू लागला. "अहो, हे तर माझ्याच भट्टीतले!"

"यांतला डावा कुठला, गुरुजी?" बायकोने विचारलं. "म्हणजे घरचे जपतील."

मैदान असं काही खदखदलं की प्रशिक्षकसुद्धा अध्यक्षांना न विचारता हसले. गुरू गव्हाच्या सूक्ष्म कंपनांविषयी काहीतरी बोलू लागले, पण माईक बेकरीवाल्याने काढून घेतला होता.

"पण माझा हात खरोखर पडला हो," तो म्हणाला. "मी सोडला नाही."

"तेच दाखवते." बायकोने त्याचा हात पुन्हा ताणून धरायला लावला. "दार बिजागरीपाशी ढकलून बघा, हलता हलत नाही. कडेला ढकला, लहान पोरही उघडेल. हाताची बिजागरी खांद्यात असते." तिने त्याच्या कोपराजवळ दाबलं. हात जागच्या जागी. मग दोन बोटं मनगटावर ठेवली आणि "तुमचं दुकान आज किती वाजता उघडलं?" असं विचारता विचारता दाबलं. हात खाली! "ज्याला टिकवायचं, त्याला 'घट्ट धरा' म्हणायचं आणि कोपरापाशी दाबायचं. ज्याला पाडायचं, त्याला बोलण्यात गुंतवून मनगटावर दाबायचं. एवढीच यांची ऊर्जा. आज सकाळपासून मी तेवढंच पाहतेय. तुम्ही सगळे चेहरा पाहत होतात."

पुढची काही मिनिटं मैदानावर सगळे एकमेकांचे हात दाबत होते. आकडेमामांनी माझा पाडला, मी त्यांचा पाडला. मग ते एकदम गंभीर झाले.

"पण मग कुणाचा पाडायचा, हे यांना कोण सांगत होतं?" ते बोटं मोजू लागले. "डिंक्या. लेफ्ट बॅक. मधल्या फळीतले ते दोघं. अहो, नहाणीघरात पाणी येत नाही म्हणून अध्यक्षांकडे तक्रार घेऊन गेले होते ते हेच चौघे! आणि डिंक्याच्या जागी येतोय अध्यक्षांचा पुतण्या!" त्यांनी चारही बोटं मिटली. "म्हणजे जे हात तक्रारीला वर झाले, तेवढेच खाली पाडले."

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. गालिचाही रिकामा होता. सोनेरी शिट्टी तेवढी मागे राहिली होती. मी वाजवून पाहिली. तिच्यात मणीच नव्हता.

बायकोने प्रशिक्षकांना सांगितलं, "त्याला घ्या असं मी म्हणत नाही. त्याला गोलमध्ये उभा करा आणि चेंडू मारा. सुटले, तर काढा." इतकी साधी युक्ती एवढ्या मोठ्या क्लबात कुणाला सुचली नव्हती. प्रशिक्षकांनी चेंडू मागवले. पुतण्यालाही उभं केलं, डिंक्यालाही. चेंडू चिकटले ते डिंक्याच्याच हाताला. त्यानंतर संध्याकाळी कुणाचं नाव नोंदवलं गेलं, याबद्दल दुकानात कुणीच वाद घातला नाही.

घरी निघालो तेव्हा डिंक्या आमच्या पुढे झपाझप चालत होता. अचानक तो थांबला.

"ताई, माझा डावा पाय कधी बरा झाला?"

"तो बिघडलाच नव्हता."

"मग मी लंगडत का होतो?"

"कारण एका माणसाने सांगितलं आणि हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या."

तो पुन्हा झपाझप चालू लागला. त्या हजारांतली बरीचशी माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि भली माणसं आहेत. म्हणून त्यांना आणि तुम्हाला एवढंच सांगतो. खेळाडूवरून खुशाल भांडा, आकडे काढा, माझ्या फ्रेमांवर हवे तेवढे ओरखडे पाडा. पण कुणी भांडण मिटवायला दिव्य बोट घेऊन आला, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नका, बोटाकडे पाहा. त्याच्यापुढे तोंड बांधलेली पिशवी ठेवा. आणि टाळी वाजवण्याआधी विचारा, की हात कुणाचा पडतोय आणि त्यामुळे जागा कुणाला मिळतेय. तुमची टाळी फुकट असते, पण तिच्यापायी कुणीतरी धडधाकट माणूस लंगडायला लागतो.