‘बाबा’ या शब्दाची शेपूट

आमच्या बोलत्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे: आलेल्या ध्वनिमुद्रणाची शेपूट कापायची नाही. शेपूट म्हणजे शब्द बोलून झाल्यावर मागे राहिलेला खोलीचा आवाज. पंखा, दार, कुणाचं खाकरणं. शब्द कसल्या घरातून आला ते त्यावरून कळतं, असं संपादकबाईंचं म्हणणं. मला ती नसती उठाठेव वाटायची.

त्या दिवशी माझ्या वाट्याला ‘बाबा’ हा शब्द आला. तुर्कीत बाबा म्हणजे बाप, आपल्यासारखाच. बल्गेरियनमध्ये आजी. जपानीत म्हातारी, तेही हिणवून.

“घरातली सगळी वडीलधारी मंडळी एकाच शब्दात कोंबलीत की हो!” मी म्हणाले.

बाई हसल्या. “आणि बहुतेक भाषांनी तो एकमेकींकडून घेतलेलाही नाही, असं जाणकार मानतात. तान्ह्या बाळाचे ओठ मिटतात, उघडतात, आवाज निघतो. समोर जो असेल त्याला वाटतं, मलाच हाक मारली. घरोघरी नव्यानं जन्मतो हा शब्द.”

मी हेडफोन चढवून पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीची फाइल लावली. तिथेही बाबा म्हणजे बापच. विशी-बाविशीतल्या एका मुलीने घरी बसून फोनवर मुद्रित केलेला, खणखणीत ‘बाबा’. मग शेपूट. खुर्ची सरकली, दार करकरलं आणि एक पुरुष चक्क मराठीत म्हणाला, “झालं का गं तुझं, टकळीबाई?”

मी फाइल थांबवली.

टकळीबाई म्हणजे मी. लहानपणी माझ्या तोंडाची टकळी कधी बंद नसायची, म्हणून माझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. ते कुठल्या कोशात नाही, आमच्याच घरात जन्मलेलं. बाबा बोटीवर इंजिनखोलीत होते. मी शाळेत असताना त्यांची बोट बुडाली, असं आईने सांगितलं. तेव्हापासून ते भिंतीवरच्या फोटोत आहेत.

फाइल पुन्हा लावली. पुन्हा. ‘गं’वर रेंगाळणारा तोच आवाज. बाबा जिवंत आहेत, याचा आनंद व्हायला हवा होता ना? छे! माझं नाव दुसरीला देऊन टाकलं, याचीच अंगभर आग झाली.

“काय गं, भूत बघितलंस की काय?” बाईंनी विचारलं.

“बघितलं नाही. ऐकलं.”

आईला सांगायचं नाही, असं ठरवूनच घरी गेले. तिचं हृदय नाजूक, धक्का सोसवला नसता. पण तिच्यापासून माझं कधी काही लपलंय? ती शेंगा निवडत बसली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, “बोलून टाक एकदाचं.” मला एकटीला ते पेलवेना. वाटलं, माझेच कान फसले असतील, तिने तसं म्हणावं. फोनवर उतरवून घेतलेली ती फाइल लावली आणि फोन तिच्या कानाशी धरला.

बाबा, म्हणाली ती मुलगी. खुर्ची. दार. मग तो आवाज.

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ही आता कोसळणार म्हणून मी तिचा खांदा घट्ट धरला.

“आवाज बसलाय ह्यांचा,” ती म्हणाली.

“आई, बाबा जिवंत आहेत!”

तिने शेंग मोडली.

“पुन्हा लाव. त्या पोरीचं नीट ऐकू दे. ह्यांनी फोटो पाठवला होता तेव्हा पाळण्यात होती.”