दोऱ्याची बिजागरी

“मामा, ही पट्टी आडकतीय,” कडूबाई म्हणाली आणि तिनं विमानाच्या पंखाची मागची कड बोटानं वरखाली करून दाखवली.

शलमोननं मान वर केली नाही. नगरच्या त्या कॉलेजात, एन.सी.सी.च्या खोलीत, मॉडेल विमानांचे पंख एकोणीस वर्षं तोच मढवत आला होता. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर तलम कागद चिकटवायचा, वरून डोप, म्हणजे वाळून कडक होणारं रोगण, फासायचं, की कागद हलगीसारखा ताणून बसे. पंखामागच्या हलत्या पट्ट्याही तोच जोडी, कापडाच्या बारीक फितींनी. कॅडेट मैदानाच्या मधोमध उभा राहून हातातल्या दोन तारा ओढी, तशा पट्ट्या हलत आणि त्याच्याभोवती फिरणारं विमान वर चढे, खाली उतरे. “शलमोनमामांचा हात लागला की काळजी नाही,” असं एन.सी.सी.चे साहेब पाहुण्यांना सांगत. ते वाक्य शलमोन दर वेळी घरी जाऊन बायकोला, एलिझाबेथला नव्यानं सांगे.

आणि ही कडूबाई चार महिन्यांपूर्वी काष्टीहून भिंगारला भावाकडे आलेली, कॅडेटांच्या उसवलेल्या गणवेशांना टाके घालायला ठेवलेली.

“आडकंना का,” तो म्हणाला. “तुमी गुंड्या लावा.”

पण दारात उभ्या साहेबांनी ऐकलं होतं. “तुम्ही कशी बसवाल, कडूबाई?”

तिनं सुई घेतली. एक टाका पंखाच्या वरून पट्टीच्या खाली, दुसरा खालून वर, आठच्या आकड्यासारखा. वाकळ शिवून शिवून हात तयार झालेला. साहेबांनी नुसती फुंकर मारली, तर पट्टी खाली झुकली.

“वा! मामा, एकोणीस वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही!”

साहेब हसत म्हणाले, पण शलमोनला ते लागलं. त्या दिवसापासून सगळ्या पट्ट्या तिच्याकडे गेल्या. कॅडेट तिच्या स्टुलाभोवती गोळा होऊ लागले. खिडकीजवळची उजेडाची जागा तिला मिळाली. तिच्या हातात सुई दिसली की शलमोनच्या पोटात दुखे. तिचा टाका कुठं चुकतो ते तो चोरून बघे. टाका चुकत नसे.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत पुण्याहून मोठे अधिकारी तपासणीला आले. उडवायच्या विमानाचा पंख शलमोननं मढवलेला, पट्ट्या कडूबाईनं शिवलेल्या. सकाळी खोलीत तो एकटाच होता. पंखाची एक कड उचलली होती, तिथं त्यानं कुंचल्यानं डोप लावलं. कुंचला ओलाच होता. तो त्यानं कडूबाईच्या दोऱ्यावरून ओढला. मग पंख उलटा करून दुसऱ्या बाजूनंही ओढला. दोरा डोप प्यायला. वरून काही दिसेना.

“पट्ट्या तपासल्या?” साहेबांनी येऊन विचारलं.

“तपासल्या.”

विमान उडेपर्यंत दोरा वाळून कडक झाला होता. कॅडेटनं तारा ओढल्या, पट्ट्या हलल्याच नाहीत. अर्धा फेरा मारून विमान नाकावर आपटलं. पाहुण्यांसमोर साहेबांचा चेहरा उतरला.

“वाकळेचे टाके विमानाला चालत नाहीत, हे मला कळायला हवं होतं,” ते म्हणाले. कडूबाईला ऐकू जाईल असं.

तिनं मोडका पंख उचलला, दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि शलमोनकडे पाहिलं.

“कांजी दिल्यागत झालाय दोरा,” ती हळू आवाजात म्हणाली. “मामा, मी न्हाई दिली.”

एवढंच. मग ती खाली बसून बाल्साचे तुकडे पदरात वेचू लागली. ती भांडली असती तर तोही भांडला असता; उत्तरं त्यानं सकाळीच जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

तो पाहुण्यांमधून साहेबांपाशी गेला. “साहेब, टाके चांगले हुते. त्यांच्यावर डोप मी फासलं.”

“चुकून?”

साहेबांनी सुटायला वाट करून दिली होती.

“न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्याला खोलीमागच्या बुटांच्या कोठीत बसवलं. कॅडेट बूट घेऊन जात, बोलत नसत.

महिन्याभरानं कडूबाई कोठीच्या दारात उभी राहिली. हातात पंखाचा सांगाडा आणि कागद.

“मामा, कागद सुरकुततोय. जमंना.”

“साहेबांनी पाठवलं?”

“न्हाई. माजी मीच आले.”

त्यानं कागदाचा कोपरा आधी उभा फाडला, मग आडवा. उभा सरळ फाटला, आडवा वेडावाकडा. “सरळ फाटंल ती बाजू पंखाच्या लांबीला लाव. चिकटला की पान्याचा हलका हबका मार. पुरता वाळू दे, मगच डोप.” एकोणीस वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

“आजच्या दिस तुमीच लावा की. सायब न्हाईत.”

कागद त्याच्या बोटांत होता. तो त्यानं अलगद तिच्या हातात दिला.

“तुजा हात बसू दे.”

ती गेली. त्यानं पुढचे दोन बूट घेतले, मापाचे आकडे जुळतात का पाहिलं आणि त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या.